कुंडीतली शेवंती: दिवाळी झाली म्हणून फेकून देऊ नका

दरवर्षी दिवाळी होऊन दोन-तीन आठवडे झाले की आमच्या सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्याशेजारी शेवंतीच्या कुंड्या दिसायला लागतात, फुलं तपकिरी झालेली, खालची पानं वाळून लोंबणारी, पण जरा वाकून बुडाशी बघितलं तर मातीतून हिरवेगार फुटवे वर आलेले असतात. मला ते बघवत नाही. या वर्षीचा बहर तेवढा संपलेला असतो, झाड चांगलं जिवंत असतं आणि पुढच्या वर्षासाठी पिल्लं घालून बसलेलं असतं. अशा उचलून आणलेल्या आणि आईकडून आणलेल्या मिळून आज माझ्याकडे पंधराएक कुंड्या आहेत, पुण्यातली साधी गॅलरी आणि मागे एक अरुंद मोकळी पट्टी, एवढीच जागा. त्यावरून जे शिकले ते इथे सविस्तर लिहितेय.

आधी शेवंतीचा स्वभाव कळला पाहिजे, बाकीचं सगळं त्यावरून आपोआप कळतं. शेवंती फुलते ती रात्र मोठी झाली की. आपण म्हणतो दिवस लहान झाले की फुलते, पण झाड मोजतं ती सलग काळोखाची लांबी. पुण्यात जूनमध्ये दिवस १३ तासांच्या थोडा वर असतो आणि डिसेंबरात ११ तासांवर येतो, म्हणजे पावसाळाभर रात्र हळूहळू वाढत जाते आणि ठरावीक लांबीच्या पुढे गेली की झाड पानं-फांद्या वाढवणं सोडून कळीच्या मागे लागतं. १९२० मध्ये गार्नर आणि अॅलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून ही गोष्ट जगापुढे मांडली, आणि पॉलिहाऊसवाले शेतकरी आज त्याच जोरावर बाराही महिने शेवंती काढतात, फूल लांबवायचं असेल तर मध्यरात्री काही तास दिवे लावायचे, फूल हवं असेल तर संध्याकाळीच काळा कपडा ओढायचा.

हे मला कळलं ते चुकीतून. एकाच जुन्या बुंध्याचे दोन फुटवे मी दोन कुंड्यांत लावले होते, माती तीच, खत तेच, पाणी तेच. एक कुंडी मागच्या पट्टीत होती ती नोव्हेंबरात पिवळ्याधमक फुलांनी भरून गेली आणि दुसरी पुढे गॅलरीत, जिथे सोसायटीचा एलईडी दिवा रात्रभर जळतो, तिथे ती डिसेंबर उजाडला तरी नुसती पानं काढत उंच होत राहिली, एक कळी नाही. खत कमी पडलं असेल म्हणून मी अजून खत घातलं, अजून पानं आली. शेवटी तिच्यावर रोज संध्याकाळी सहाला मोठा पुठ्ठ्याचा खोका पालथा घालायला सुरुवात केली आणि सकाळी सातला काढायचा, असं नेमाने केलं, आणि तीनेक आठवड्यांत शेंड्यावर मोहरीएवढ्या कळ्या दिसल्या. फुलं फेब्रुवारीत आली, पण आली. तेव्हा तुमच्या शेवंतीला फुलं येत नसतील तर खताची पिशवी उघडण्याआधी रात्री दहा वाजता गॅलरीत जाऊन उभे राहा आणि झाडावर कुठून उजेड पडतोय ते बघा. रस्त्यावरचा दिवा, समोरच्या घरातली ट्यूब, आकाशकंदील सुद्धा. हो, आकाशकंदिलाखाली दिवाळीआधी आठ-दहा दिवस ठेवलेलं झाड मागे पडू शकतं, कळ्यांना रंग आलेला असला तर काही बिघडत नाही.

आता लावायची कशी. नर्सरीत ऑक्टोबरपासून ज्या बुटक्या, गोल, फुलांनी गच्च भरलेल्या कुंड्या येतात त्या बघून आपण भुलतो, मीही घेते, पण दोन गोष्टी माहीत असाव्यात. एक म्हणजे त्या एका कुंडीत बहुतेक वेळा एक झाड नसतं, चार-पाच कटिंग, म्हणजे फांदीचे कापून रुजवलेले शेंडे, एकत्र लावलेली असतात, म्हणून ती एवढी भरगच्च दिसते. दुसरं, वाढ रोखणारं औषध देऊन तिला बुटकी ठेवलेली असते. पुढच्या वर्षी तेच झाड तुमच्याकडे दोन-अडीच फूट झालं तर आपलं काही चुकलं असं वाटून घेऊ नका, त्याची खरी उंची तीच. विकत घेताना पूर्ण उमललेली कुंडी घेऊ नका, कळ्या जास्त आणि त्यातल्या थोड्या रंग दाखवणाऱ्या अशी घ्या, म्हणजे महिनाभर बघायला मिळते. नुसत्या हिरव्या घट्ट कळ्या असलेली पण नको, घरातल्या कमी उन्हात त्या कधीकधी उमलतच नाहीत.

आणि जमलं तर एक तरी देशी घ्या. झिपरी, राजा, पांढरी रेवडी, पिवळी रेवडी ही आपल्याकडच्या शेतकऱ्यांची जुनी नावं, यातली झिपरी म्हणजे माझा जीव, छोटी छोटी पिवळी फुलं, पसरट झुडूप, आणि तो वास. नर्सरीतल्या कित्येक हायब्रीड शेवंतींना तो कडसर, ओला, देवघरातला वास नसतो. झिपरीचं रोप नर्सरीत सहसा मिळत नाही, गावाकडे कुणाच्या परसात असेल तर फुटवा मागून आणावा लागतो. अशा फुटव्यांना शेतकरी काश्या म्हणतात. बाजारात अॅस्टर आणि शेवंती शेजारी-शेजारी विकायला असतात आणि लोक दोन्हीला शेवंती म्हणतात, पण अॅस्टर दरवर्षी बीपासून लावतात आणि फुलून झालं की झाड संपतं. पान चुरगळून बघा, शेवंतीच्या पानाला उग्र वास येतो आणि पान कातरलेलं असतं.

माती भुसभुशीत लागते. नुसत्या काळ्या मातीत लावलीत तर पावसाळ्यात मुळं कुजून झाड जाणार हे नक्की धरा. मी दोन भाग पोयट्याची माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कुंडीमागे एक मूठ निंबोळी पेंड घेते. कुंडीच्या भोकावर खापराचा तुकडा उलटा ठेवायचा. आठ इंची कुंडीत एक रोप, बारा इंचीत तीन, त्याहून जास्त गर्दी केली तर आतली पानं वाऱ्याअभावी काळी पडतात. ऊन दिवसाला पाच-सहा तास हवंच, त्यातलं सकाळचं मिळालं तर सोनं.

रोपं जून महिन्यात मोठ्या कुंडीत लावायची. फुटवे असतील तर प्रश्नच नाही, ते मुळांसकट येतात. कटिंग करायचं असेल तर मे-जूनमध्ये निरोगी फांदीचा दोन-तीन इंचांचा शेंडा कापायचा, कळी नसलेला, खालची पानं काढायची आणि वाळू-कोकोपीटमध्ये खोचून सावलीत ठेवायचा, वरून ओलावा टिकवायचा, पंधरा-वीस दिवसांत मुळं धरतात. मला तर फुटव्यापेक्षा कटिंगचं झाड जास्त निरोगी वाटतं, कारण जुन्या बुंध्याजवळच्या मातीतले रोग त्याच्याबरोबर येत नाहीत.

मग येतं ते सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि तेच करायला बहुतेकांचा हात धजत नाही, शेंडा खुडणं. रोप सहा-सात इंचांचं झालं, अंगावर सात-आठ पानं आली की वरचा इंचभर शेंडा दोन नखांत धरून खुडून टाकायचा. नवीन रोप छान वाढतंय आणि आपण त्याचं डोकं उडवतोय, पहिल्यांदा मला इतकं वाईट वाटलं होतं की दोन कुंड्यांचं खुडलं आणि तिसरीचं तसंच सोडलं. नोव्हेंबरात त्या तिसरीला एक लांबलचक काठी आणि वर थोडीशी फुलं, शेजारच्या दोघी झुडपासारख्या गोल. शेंडा गेला की खालच्या प्रत्येक पानाच्या बेचक्यातून फांदी फुटते, त्या फांद्या चार-पाच इंच झाल्या की त्यांचे शेंडे पुन्हा खुडायचे, म्हणजे एकाच्या चार, चाराच्या पंधरा. पण हे कधी थांबवायचं ते पक्कं ठरवा. माझी खूण सोपी आहे, १५ ऑगस्टचं झेंडावंदन करून आलं की शेवटचा खुडा, त्यानंतर नखसुद्धा लावायचं नाही, कारण नंतर येणारे शेंडे म्हणजे कळ्याच असतात. लवकर येणाऱ्या जातीची फुलं दसऱ्याला हवी असतील तर जुलैअखेरच थांबा.

प्रदर्शनात ठेवतात तशी वाटीएवढी मोठी एकेक फुलं हवी असतील तर पद्धत उलटी. मोठ्या फुलाची जात घ्यायची, झाडावर एक ते तीनच फांद्या ठेवायच्या, आणि कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्या की प्रत्येक फांदीवर मधली एक कळी ठेवून बाजूच्या सगळ्या काढून टाकायच्या. छोट्या फुलांच्या गुच्छाच्या जातीत मात्र मधली कळी आधी उमलते आणि बाकीच्या मागे राहतात, म्हणून तिथे मधली काढली की सगळा गुच्छ एकदम फुलतो. झिपरीला यातलं काहीच करू नका, तिला मोकळी सोडा, फक्त खराट्याच्या काड्या किंवा बांबूच्या पट्ट्या लावून आधार द्या नाहीतर फुलांच्या वजनाने ती कुंडीबाहेर लोळते.

पाण्याबद्दल थोडक्यात. वरची माती बोटाच्या एका पेराएवढी कोरडी लागली की घालायचं, सकाळी, बुडाशी, पानांवर नाही. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून ठेवा. ऑक्टोबरच्या उन्हात मात्र रोज लागतं, आणि कळ्या धरलेल्या असताना एक दिवस जरी झाड मान टाकून पडलं तर कळ्या लहान राहतात. परतीचा पाऊस शेवंतीचा वैरी, उमललेल्या फुलात पाणी साचलं की मधून कुजायला लागतं, तेव्हा कुंड्या छपराखाली ओढायच्या.

खत मी दोन टप्प्यांत देते. कळी दिसेपर्यंत दर पंधरा दिवसांनी शेंगदाणा पेंडीचं पाणी, मूठभर पेंड लिटरभर पाण्यात तीन दिवस भिजवायची आणि त्यात दहापट पाणी घालून कुंडीला ओतायचं, वास येतो, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. ते नको असेल तर एकोणीस-एकोणीस-एकोणीस हे नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम. कळी धरली की नत्र बंद करून शून्य-शून्य-पन्नास हे पालाशाचं खत लिटरला एक ग्रॅम, दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोनदा. कळीने रंग दाखवला की खत पूर्ण थांबवा.

किडीत मुख्य म्हणजे मावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आभाळ भरून आलं की दोन दिवसांत कोवळे शेंडे आणि कळ्यांचे देठ काळ्या-हिरव्या माव्याने भरून जातात, आणि मुंग्या चढताना दिसल्या की समजावं मावा आलाच. सुरुवातीला पाण्याचा जोराचा फवारा मारून धुऊन टाकता येतो. वाढला तर नीमतेल लिटरला पाच मिली, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे तीन-चार थेंब, संध्याकाळी ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूने. पण उमललेल्या फुलांवर मारू नका, डाग पडतात, आणि मधमाश्या तिथेच बसलेल्या असतात. पावसाळ्यात खालच्या पानांवर तपकिरी-काळे ठिपके पडून पानं खालून वर वाळत जातात तो बुरशीचा रोग, तसली पानं लगेच तोडून घराबाहेर टाका, कंपोस्टमध्ये टाकू नका, आणि कुंड्या एकमेकींपासून लांब करा, वारा खेळला की निम्मं काम होतं. पानाखाली बारीक जाळं आणि वरून पान फिकट दिसलं तर लाल कोळी, तो कोरड्या उन्हात येतो.

एक काळजी माणसांचीही. काही जणांना शेवंतीच्या पानांचा चीक लागून हातावर खाज, लाल चट्टे येतात, माझ्या जावेला येतात, ती हातमोजे घालूनच खुडते. मांजर-कुत्री पानं खात असतील तर त्यांना उलट्या होऊ शकतात, कुंडी उंचावर ठेवा. आणि हल्ली शेवंतीच्या फुलांचा चहा पितात लोक, चीनमध्ये तो फार जुना आहे, पण नर्सरीतून किंवा मंडईतून आणलेली फुलं त्यासाठी वापरू नका, त्यांच्यावर काय काय फवारलेलं असतं ते आपल्याला कळत नाही.

फुलं आली की मग मात्र रोज थोडा वेळ त्यांच्यापाशी बसा. आपण ज्याला शेवंतीचं एक फूल म्हणतो तो खरं तर शेकडो फुलांचा पुंजका असतो, कडेची प्रत्येक पाकळी हे एक वेगळं फूल आणि मधल्या पिवळ्या चकतीतला प्रत्येक ठिपका हे वेगळं फूल. मुलांना भिंग देऊन दाखवा, माझ्या भाचीने पाकळी उपटून तिच्या बुडाशी असलेला बारीक दोन जिभांचा तंतू शोधून काढला तेव्हा तिच्याइतकाच मलाही आनंद झाला होता.

पुण्यात मार्केट यार्डात शेवंती दोन तऱ्हेने विकली जाते, सुटी किलोवर आणि लांब देठाची ती शेवंती काडी. घरच्या झाडावरही दोन्ही करता येतात. फुलदाणीसाठी पहाटे, फूल पाऊण उमललेलं असताना लांब देठ कापा, पाण्यात बुडतील ती पानं सगळी काढा, दोन दिवसांनी पाणी बदला आणि देठाचं टोक अर्धा इंच पुन्हा कापा, थंडीच्या दिवसांत दहा-बारा दिवस आरामात राहतात, फार कमी फुलं एवढी साथ देतात. पूजेला आणि वेणीला पूर्ण उमललेलं फूल हवं, देठ नखाएवढा ठेवायचा. आई केळीच्या सोपट्याचा दोरा पाण्यात भिजवून त्यात तीन पिवळी, एक अबोलीचा झुपका, मध्ये मरव्याची काडी अशी वेणी गुंफायची, भिजलेल्या दोऱ्याने देठ कापत नाही. मोगऱ्याचा गजरा संध्याकाळी मान टाकतो, शेवंतीची वेणी ओल्या फडक्यात ठेवली तर दुसऱ्या दिवशीही माळता येते. मार्गशीर्षातल्या गुरुवारी बाजारात भाव कुठल्या कुठे जातात तेव्हा स्वतःच्या कुंडीतली पाच फुलं कलशाला वाहताना जे वाटतं ते मला शब्दात नीट सांगता येणार नाही. आणि डिसेंबरात उत्तरेकडे जाणार असाल तर लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत किंवा चंदीगडच्या टेरेस गार्डनमध्ये शेवंतीचं प्रदर्शन भरतं, ते बघून या.

परदेशातल्यांसाठी एक. माझी बहीण अमेरिकेत असते, तिथे सप्टेंबरात भोपळ्यांच्या शेजारी दुकानादुकानांत शेवंतीच्या कुंड्या येतात आणि लोक त्या ऑक्टोबरात जमिनीत लावतात, पण मुळं धरायच्या आत बर्फ पडतो आणि झाड जातं. थंडीला टिकणारी जात विचारून घ्या, जमिनीत लावायची तर वसंतात लावा, आणि हिवाळ्यात वाळलेल्या काड्या कापू नका, त्यांच्यावरच पालापाचोळ्याचं पांघरूण घाला, वसंतात नवे कोंब दिसले की मग कापा.

आता सुरुवातीला म्हटलं त्या कुंड्यांकडे येते. फुलं सुकली की जानेवारीत झाड मातीपासून चार-पाच इंचांवर सरळ कापून टाका. घाबरू नका. पाणी कमी करा पण बंद करू नका, वर मूठभर शेणखत पसरा. फेब्रुवारीत बुडातून फुटवे तीन-चार इंच वर येतील, तेव्हा कुंडी आडवी करून अख्खा गड्डा काढायचा, बाहेरच्या बाजूचे तरतरीत फुटवे मुळांसकट अलगद सोडवायचे आणि मधला जुना लाकूड झालेला भाग टाकून द्यायचा. हे फुटवे छोट्या कुंड्यांत लावा. मार्च ते मे हाच कसोटीचा काळ, दुपारचं ऊन अजिबात नको, मोठ्या झाडाच्या सावलीत किंवा हिरव्या नेटखाली ठेवा, सकाळ-संध्याकाळ पाणी, माती कधीही तापू द्यायची नाही. विदर्भातल्या उन्हात तर मी म्हणेन कुंडी सरळ मातीत गाडून ठेवा गळ्यापर्यंत. यातून निम्मी वाचली तरी पुरे, कारण जूनमध्ये एकेकीचे चार-चार शेंडे कापून पुन्हा कटिंग करता येतात.

फुटवे जास्त झाले की वाटा. मुळांना ओली माती लावून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळायचे, वर सैल प्लास्टिकची पिशवी, दोन दिवसांचा प्रवास सहज सोसतात. गेल्या फेब्रुवारीत मी साताऱ्याला आईकडे पांढऱ्या रेवडीचे सहा फुटवे असेच नेले आणि येताना तिच्या परसातल्या झिपरीचे आठ घेऊन आले, त्यातले पाच जगले.